तुरीची फुलगळ, चपट्या शेंगा आणि संजीवकांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: मध्यम काळ्या रानात बीएसएमआर ७३६ तूर आहे. झाड फुलांनी लदले आहे, पण खाली फुलांचा सडा पडतोय. ज्या शेंगा लागल्या त्यातल्या बऱ्याच चपट्या राहत आहेत. दुकानातून एनएए आणि जिबरेलिक ॲसिड ही दोन संजीवके (झाडाच्या वाढीवर परिणाम करणारी संप्रेरके) एकत्र मारायला सांगितली आहेत. मारावे का, किती आणि कधी? सोयाबीन, हरभऱ्यालाही तेच चालेल का?

आधी उत्तर, मग कारणे. एनएए २० पीपीएम (लिटर पाण्याला २० मिलिग्रॅम), कळी ते फुलोऱ्याच्या सुरुवातीला एकदा आणि पंधरा दिवसांनी दुसऱ्यांदा, हे चालते. जिबरेलिक ॲसिड फुलावरच्या तुरीला नको, सोयाबीनला तर मुळीच नको. चपट्या शेंगा हा वेगळा आजार आहे. त्या शेंगा उभ्या चिरून पाहिल्याशिवाय त्यावर कुठलीही बाटली उघडू नका.

आता फुलगळीबद्दल. तुरीची ८० ते ९० टक्के फुले गळतात आणि हे निरोगी, पाणी मिळालेल्या झाडातही होते. सोयाबीनमध्ये फुले आणि कोवळ्या शेंगा मिळून ३० ते ८० टक्के जातात. म्हणजे सडा दिसला की नुकसान झाले, हे समीकरणच चुकीचे. हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ रूपर्ट शेल्ड्रेक आणि सहकाऱ्यांनी मध्यम मुदतीच्या तुरीची फुले आणि कोवळ्या शेंगा काही आठवडे मुद्दाम खुडून टाकल्या. झाडाने नंतरच्या फुलांना शेंगा धरून ती तूट बरीचशी भरून काढली. अर्थ असा की तुरीत फुलांची कधीच टंचाई नसते. टंचाई असते ती त्या फुलांना पोसणाऱ्या साखरेची, पाण्याची आणि नत्राची. (हेच शेल्ड्रेक त्याआधी केंब्रिजला होते. ऑक्झिन हे वाढीचे संप्रेरक पेशीतून पेशीत एकाच दिशेने कसे जाते याची आज मान्य असलेली कल्पना त्यांनी आणि फिलिप रुबरी यांनी १९७४ मध्ये मांडली. शेंड्याकडून बुडाकडे जाणाऱ्या त्याच ऑक्झिनवर आपली पुढची सगळी चर्चा उभी आहे.)

फूल गळते कसे? फुलाच्या देठाच्या बुडाशी काही पेशींचा पातळ थर असतो. फुलाकडून किंवा कोवळ्या शेंगेकडून ऑक्झिनचा प्रवाह देठातून खाली येत राहिला, तर तो थर निपचित राहतो. प्रवाह आटला की थर इथिलीन या वायुरूप संप्रेरकाला दाद देऊ लागतो, पेशींमधले सिमेंट विरघळते आणि फूल सुटते. पाण्याचा ताण, सलग ढगाळ हवा, धुई, अचानक उष्णता, रानात तुंबलेले पाणी, या सगळ्यांचा शेवट याच दोन गोष्टींत होतो: ऑक्झिन कमी, इथिलीन जास्त. त्यात पाण्याचा ताण असेल तर ॲब्सिसिक ॲसिड हे ताणाचे संप्रेरक वाढते, पानांची सूक्ष्म छिद्रे मिटतात, साखर तयार होणे मंदावते आणि कोवळी शेंग उपाशी पडते. एनएए हे कृत्रिम ऑक्झिन आहे. ते त्या थराला काही दिवस निपचित ठेवते, एवढेच त्याचे काम. साखर ते आणत नाही. म्हणून ढगाळ हवेचा आठवडा टळून पुन्हा ऊन पडणार असेल तर एनएएने फायदा दिसतो, आणि जमीन भेगाळून झाड सुकत असेल तर दिसत नाही.

शेंग वाढवते कोण, हा यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, आणि बहुतेकांची समजूत इथे उलटी असते. आपल्याला वाटते शेंग बीला वाढवते. प्रत्यक्षात सुरुवातीच्या दिवसांत बीच शेंगेला वाढवते. हे सर्वांत नीट तपासले गेले ते वाटाण्यात. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात जोसेलिन ओझगा आणि डेनिस राइनेके यांनी फुलल्यानंतर दोन-तीन दिवसांच्या शेंगा चिरून आतल्या कोवळ्या बिया काढून टाकल्या. शेंगेचे टरफल वाढायचे थांबले. मग त्या रिकाम्या शेंगेत बियांमध्ये नैसर्गिकरीत्या असणारे क्लोरिनयुक्त ऑक्झिन, फोर-क्लोरो-आयएए, सोडले. टरफल पुन्हा वाढू लागले, कारण या ऑक्झिनने टरफलातच जिबरेलिन (जिबरेलिक ॲसिड ज्या गटातले, ते लांबी वाढवणारे संप्रेरक) तयार करणारी यंत्रणा चालू केली. साधे आयएए, म्हणजे वनस्पतींत सर्वत्र आढळणारे ऑक्झिन, सोडले तर मात्र काही झाले नाही. हे क्लोरिनवाले ऑक्झिन वाटाणा, मसूर, लाख, बाकला या गोतावळ्यात सापडते. तूर आणि सोयाबीनमध्ये नेमका हाच रेणू काम करतो असे धरून चालू नये. पण फलन झालेले बी हुकूम सोडते आणि टरफल तो पाळते, हे सूत्र शेंगवर्गात सगळीकडे धरून चालायला हरकत नाही.

याचा शेतातला अर्थ नीट घ्या. बाहेरून जिबरेलिन मारून टरफल लांबवता येते, पण आत बी नसेल तर ती लांब शेंग चपटीच राहणार. शेंगा दिसतात झकास, मळणीला निघतो भुसा.

बी बसल्यानंतर वेगवेगळ्या संप्रेरकांची पाळी येते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सायटोकायनिनचे, म्हणजे पेशी विभागायला लावणाऱ्या संप्रेरकाचे, राज्य असते. या काळात बीच्या दोन डाळींमधल्या पेशी विभागत असतात आणि शेवटी दाणा किती टपोरा होईल याची वरची मर्यादा इथेच ठरते. सायटोकायनिन मुख्यतः मुळांच्या टोकांना तयार होऊन पाण्याबरोबर वर येते. सोयाबीनमध्ये फुलोऱ्याच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास ते रसात जास्त असते, मग उतरते. फुलांच्या तुऱ्याच्या बुडाची, आधी उमललेली फुले धरतात आणि टोकाची, उशिराची गळतात, त्यामागे हेही एक कारण आहे. सोयाबीनच्या तुऱ्यांवर बेंझिल ॲडेनिन हे सायटोकायनिन ब्रशने लावले की गळ कमी होते, हे प्रयोगांत दिसले आहे. मात्र संपूर्ण झाडावर फवारले तेव्हा उत्पादनात तसा फायदा दरवेळी मिळाला नाही. शेंगा वाढल्या की दाण्याचे वजन घटते, ताटे वाढली तरी पातेल्यातला भात तेवढाच. या टप्प्यात मुळे जिवंत, श्वास घेणारी ठेवणे हीच सायटोकायनिनची फवारणी. सोयाबीनमध्ये दोन दिवस पाणी साचले तर कुठलीही बाटली ती भरपाई करत नाही.

पुढे दाणे भरताना ॲब्सिसिक ॲसिड वाढते. फुलावर असताना जे गळीला मदत करते, तेच इथे बीमध्ये प्रथिने साठवायला, दाणा सुकायला आणि शेंगेतच न उगवायला मदत करते. एकच संप्रेरक दोन वेळी दोन कामे करते. म्हणून "हे टॉनिक कुठल्याही अवस्थेत चालते" असे कोणी म्हणाले की सावध व्हावे.

आता प्रत्यक्ष मात्रा. बाजारात एनएए साधारणपणे ४.५ टक्के द्रावण म्हणून मिळते, प्लॅनोफिक्स हे त्यातले सर्वांना ठाऊक असलेले नाव. ४.५ टक्के म्हणजे एका मिलीत ४५ मिलिग्रॅम. २० पीपीएम म्हणजे लिटरला २० मिलिग्रॅम. १० लिटर पाण्याला २०० मिलिग्रॅम, म्हणजे ४.५ मिली. १५ लिटरच्या पाठीवरच्या पंपाला साडेसहा मिली. झाकणाने मोजू नका, मेडिकलमधून १० मिलीची सिरिंज आणा. तमिळनाडू कृषी विद्यापीठाची मूग-उडदासाठीची शिफारस ४० पीपीएमची आहे, म्हणजे त्याच पंपाला सुमारे १३ मिली. तुरीला, पहिल्यांदाच वापरत असाल तर, २० वरच थांबा.

कारण एनएए दुधारी आहे. सफरचंदाच्या बागेत हेच एनएए फुलोऱ्यानंतर कोवळी फळे विरळ करायला मारतात आणि काढणीआधी फळगळ थांबवायलाही मारतात. जास्त ऑक्झिन मिळाले की झाड स्वतःच इथिलीन तयार करते आणि गळ वाढते. "जरा जास्त टाकले तर जास्त फायदा" हा नियम खताला थोडाफार चालतो, इथे उलटा बसतो. शेंड्याची पाने खाली वाकली, देठ पिळले, कोवळी पाने अरुंद झाली, तर मात्रा जास्त झाली असे समजा.

ड्रोनबाबत वेगळी सूचना. २०० लिटर पाण्यातून एकरी २० पीपीएम म्हणजे ४ ग्रॅम एनएए. तेवढेच ४ ग्रॅम ड्रोनच्या १० लिटर पाण्यात घातले तर थेंबातली तीव्रता ४०० पीपीएम होते. आणि १० लिटरला २० पीपीएमच ठेवले तर एकरी फक्त ०.२ ग्रॅम पडते, म्हणजे काहीच नाही. कीटकनाशकाचा एकरी हिशेब ड्रोनला जुळवता येतो, संजीवकाचा नाही, कारण इथे पेशीपर्यंत पोहोचणारी तीव्रता महत्त्वाची असते. लेबलवर ड्रोनसाठीची मात्रा स्पष्ट दिली नसेल तर एनएए पंपानेच मारा.

पाणी. एनएए हे सौम्य आम्ल आहे. द्रावण किंचित आम्लधर्मी असले की ते पानात चांगले शिरते. विहिरीचे पाणी जड असेल, साबणाला फेस येत नसेल, तर आधी बादलीभर पाण्यात सायट्रिक ॲसिड चिमूट-चिमूट टाकत पट्टीने मोजून सामू (पीएच) ६ ते ६.५ वर आणा, त्यावरून टाकीचे प्रमाण काढा आणि एनएए शेवटी मिसळा. बोर्डो मिश्रण, चुना किंवा गंधकाचा काढा यांच्याबरोबर मिसळू नका. वेळ दुपारी चारनंतरची. तुरीच्या फुलावर सकाळी मधमाश्या असतात आणि फवाराही संध्याकाळी सावकाश सुकतो. एनएएच्या टाकीत घाटेअळीचे औषध ढकलून "एका फेरीत दोन कामे" करायची सवय फुलोऱ्यात महागात पडते, मधमाश्या मरतात.

एनएएबरोबर खायलाही द्यावे लागते. कळी अवस्थेत २ टक्के डीएपी: ४ किलो डीएपी १५-२० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी वरचे पाणी फडक्याने गाळून घ्या, २०० लिटर करा. गाळ पंपात गेला की नोझल बुजते, म्हणून गाळ रानात टाका. यात झिंक सल्फेट किंवा कॅल्शियम नायट्रेट मिसळू नका, फॉस्फेटचा साका बसतो. दाणे भरताना १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट) एक टक्का, म्हणजे २०० लिटरला २ किलो. हरभऱ्याला फुलोऱ्यात २ टक्के युरिया आणि दहा दिवसांनी पुन्हा, ही कोरडवाहूतली स्वस्त आणि भरवशाची फवारणी आहे. माझ्या मते पैसे एकाच फवारणीचे असतील तर संजीवक सोडा आणि ही करा.

जिबरेलिक ॲसिडचे का नको? मेंडेलच्या उंच आणि बुटक्या वाटाण्याचा फरक म्हणजे मुळात जिबरेलिनचाच फरक. बुटक्या झाडात सक्रिय जिबरेलिन तयार करणारे एक विकर अधू असते. म्हणजे जिबरेलिनचे पहिले काम पेरे लांबवणे. फुलावरच्या तुरीला ते दिले की शेंडे पुन्हा धावतात, साखर शेंगेऐवजी शेंड्याकडे जाते. सोयाबीनला दिले की आधीच माजलेले पीक आणखी माजते, लोळते, आत ऊन शिरत नाही, खालच्या शेंगा गळतात. शिवाय वाढीव मात्रेत ते मुळांवरच्या गाठी कमी करते, आणि शेंगवर्गाच्या नत्राचा मोठा भाग त्या गाठींतून येतो. द्राक्षात जिबरेलिकचा फायदा होतो म्हणून तुरीत व्हावा, हा तर्क चुकतो. बिनबियांच्या द्राक्षाचा मणी फुगवायला बाहेरचे जिबरेलिन हवेच असते, कारण आत बी नाही. आपल्याला बीच विकायचे आहे.

सोयाबीनमध्ये खरा उपयोग होऊ शकतो तो उलट्या गटाचा, वाढ रोखणाऱ्यांचा. क्लोरमेक्वाट क्लोराइड, मेपिक्वाट, पॅक्लोब्युट्राझोल, ही सगळी झाडातले जिबरेलिन तयार होणे अडवतात. भारी जमीन, सततचा पाऊस, ३५-४० दिवसांत गुडघ्याच्या वर गेलेले गर्द पीक, अशा वेळी फुलोऱ्याच्या तोंडावर एक फवारणी पेरे आखूड ठेवते. क्लोरमेक्वाट ५० टक्के असेल तर ५०० पीपीएम म्हणजे लिटरला १ मिली. नवख्याने या मात्रेच्या वर जाऊ नये. पण हीच फवारणी हलक्या जमिनीत किंवा पावसाचा खंड असताना केली तर ओळी मिटत नाहीत, तण वाढते आणि झाड खुरटून शेंगाही कमी लागतात. पॅक्लोब्युट्राझोल तर मातीत महिनोन्महिने राहते, त्याच रानात पुढे हरभरा घ्यायचा असेल तर मी ते वापरणार नाही. आणि बाटलीच्या लेबलवर तुमचे पीक लिहिले आहे का ते आधी वाचा. भारतात वाढ नियंत्रकांची नोंदणी १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली होते. "बायोस्टिम्युलंट" म्हणून विकले जाणारे पदार्थ मात्र २०२१ पासून खत नियंत्रण आदेशात येतात. घटक आणि टक्केवारी न छापलेले "फुटवा स्पेशल" या दोन्हींत बसत नाही, त्यात नक्की काय आहे हे फवारून कळते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

बिनखर्चाचा संप्रेरक उपायही आहे. पेरणीनंतर ४५-५० दिवसांनी तुरीचे वरचे ५-६ सेंटिमीटर शेंडे खुडणे. शेंड्यातले ऑक्झिन बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवते. तो उगम काढला की फांद्या फुटतात, फुलांच्या जागा वाढतात. हरभऱ्यात ३०-३५ दिवसांनी कोवळे शेंडे खुडून भाजी करण्याची आपली जुनी रीत नेमके हेच करते. फुले लागल्यावर खुडू नये, आणि कोरड्या, उशिरा पेरलेल्या रानात तर खुडूच नये, झाडाला सावरायला वेळ मिळत नाही.

आता तुमच्या चपट्या शेंगा. वीस शेंगा वेगवेगळ्या झाडांच्या तोडा आणि ब्लेडने शिवणीवर उघडा. आत खसखशीएवढे ठिपके असतील तर फलन झाले नाही किंवा पहिल्याच आठवड्यात बी मेले. त्या वेळी पाण्याचा ताण होता का, सतत ढग होते का, मधमाश्या मारल्या गेल्या का, ते आठवा. टोकाचे दाणे भरलेत आणि देठाकडचे सुकलेत, तर दाणे भरताना पाणी किंवा अन्न कमी पडले. ताणात देठाकडचे बी आधी बळी जाते. दाणा कुरतडलेला आणि आत पांढरी, पाय नसलेली बारीक अळी, तर ती शेंगमाशी. बाहेरून शेंग धडधाकट दिसते. गोल मोठे भोक असेल तर घाटेअळी. शेंगेवर डाग आणि दाणे सुरकुतलेले, तर रस शोषणारे ढेकूण. यांपैकी शेवटच्या तिघांवर संजीवक मारणे म्हणजे पाणी ओतणे.

झाडाला फुलेच नसतील, पाने बारीक, फिकट हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांची आणि झाड झुडपासारखे झाले असेल, तर तो वांझ रोग. तो सूक्ष्म कोळी किडीमार्फत पसरतो, आणि त्यावर संजीवकाने फूल येत नाही. बीएसएमआर ७३६ त्याला प्रतिकारक आहे, पण तुरीत मधमाश्यांमुळे परपरागण बरेच होते. घरचेच बी अनेक वर्षे पेरत असाल तर वाणाची शुद्धता आणि प्रतिकारकता दोन्ही पातळ झालेली असते.

पाण्याचे वेळापत्रक: एक पाणी कळ्या दिसताना, दुसरे शेंगा भरताना. ऐन फुलोऱ्यात भेगाळलेल्या रानाला एकदम तुडुंब पाणी दिले तर गळ वाढते. द्यायचेच असेल तर एक सरी आड, हलके. हरभऱ्यातही हेच. उशिरा पेरलेला हरभरा ३५ अंशांच्या वर तापमानात फुलला तर घाटे धरत नाहीत, आणि तिथे एनएए मारून उपयोग नाही.

एक धोका वेगळा सांगतो, कारण दरवर्षी कुणाच्या तरी रानात होतो. टू-फोर-डी हे तणनाशकही कृत्रिम ऑक्झिनच आहे. उसात ते मारलेला पंप नुसता खळबळून तुरीला वापरला की पाने वाटीसारखी होतात, शेंडे पिळतात, शेंगा वाकड्या आणि रिकाम्या राहतात. शेतकरी मग संजीवकाला दोष देतो. तणनाशकाचा पंप, नळी आणि नोझल कायमचे वेगळे ठेवा. शेजारी उसात टू-फोर-डी मारत असेल तर वाऱ्याची दिशा पाहून सांगा, विशेषतः दुपारी तापलेल्या हवेत त्याची वाफ दूर जाते.

शेवटी तपासणी. फवारताना मधल्या चार ओळी कोऱ्या ठेवा, दोन्ही टोकांना काठी रोवा. फवारलेल्या आणि कोऱ्या भागात दहा-दहा झाडांना दोरी बांधा. गळलेली फुले मोजू नका. काढणीला दर झाडाच्या भरलेल्या शेंगा, एका शेंगेतले दाणे आणि १०० दाण्यांचे वजन, हे तीन आकडे लिहा. मध्यम मुदतीच्या तुरीत १०० दाणे साधारण १० ते ११ ग्रॅम भरतात. शेंगा वाढल्या पण १०० दाण्यांचे वजन तेवढ्याच प्रमाणात घटले, तर फवारणीने फक्त वाटणी बदलली. पुढच्या वर्षी तो खर्च दाणे भरतानाच्या पाण्यावर टाका.